शिकलेल्या घरातलं आजारपण

माझ्या मुलीच्या आजाराबद्दल कुणी विचारलं की मी सगळं नीट सांगतो. कधी सुरू झालं, कुठे नेलं, किती महिने गोळ्या चालल्या. मधली एक गोष्ट मात्र गाळतो. ती गाळली की ऐकणाऱ्याला मी फार जागरूक बाप वाटतो. आज त्या गोष्टीसकट सगळं लिहायला बसलोय. ज्यांच्या घरात लहान मूल असं दीर्घकाळ आजारी आहे, त्यांना आजाराच्या माहितीपेक्षा कदाचित याचाच जास्त उपयोग होईल.

आम्ही तिघं रत्नागिरीत मांडवीला राहतो. मी, माझी बायको रूपाली आणि मुलगी श्रावणी. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे, तिथे गुणवत्ता तपासणीचं काम बघतो. पाणी, बर्फ, कोळंबी, कामगार बायकांचे हात, सगळ्याची तपासणी माझ्याकडे. रूपाली गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यातली. नववीत असताना तिची शाळा सुटली. हायस्कूल लांब होतं आणि धाकट्या भावंडांना बघायला घरी कुणी नव्हतं. ती घरीच शिलाईकाम करते.

आमच्या घरात एक वाटणी आपोआप होऊन बसली होती. वाचायचं, समजून घ्यायचं, ठरवायचं ते मी. करायचं ते रूपालीने. श्रावणीच्या लसींचं कार्ड माझ्या फायलीत असायचं आणि लस टोचल्यावर तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसायची ती. हात कसे धुवावेत याचं चित्रमय पत्रक मी कारखान्यातून आणून बेसिनच्या वर चिकटवलं होतं. श्रावणीला ते तोंडपाठ होतं. मी मात्र कामावरून आलो की चपला काढता काढता ताटलीतलं भजं उचलायचो. ती ओरडायची, "बाबा, हात!" मी म्हणायचो, "अगं, माझे हात दिवसभर क्लोरीनच्या पाण्यात असतात." यावर तिच्याकडे उत्तर नसायचं. माझ्या शिक्षणाचा असाही उपयोग होता.

गाल

ती तिसरीत होती. गणपती होऊन गेले होते. एका सकाळी ती उठून बाहेर आली तर गाल छान वर आलेले, डोळे बारीक झालेले. मी म्हटलं, "वा! मोदक मानवले आमच्या बाईंना."

रूपाली हसली नाही. तिने श्रावणीला उंबऱ्यात उजेडाला उभं केलं आणि नुसतं बघत राहिली.

दोन दिवसांनी ती मला म्हणाली, "अहो, शाळेतून आल्यावर हिच्या पायावर मोज्यांचे वळ राहतात. आणि नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो. लवकर भरत नाही."

"ॲलर्जी असेल," मी म्हटलं. फोनवर दोन-तीन ठिकाणी वाचलं, माझं मत पक्कं झालं आणि मी ॲलर्जीची गोळी आणून दिली. सकाळी सूज, दुपारपर्यंत कमी. मला वाटलं, गोळी लागू पडते आहे. या आजारात सूज तशीच दिवसाकाठी खाली उतरते, हे मला नंतर कळलं.

आठव्या दिवशी मी कामावर असताना रूपालीचा फोन आला. "मी हिला डॉक्टरांकडे घेऊन आलेय. तुम्ही या."

मला राग आला. मला विचारलं का नाही, असा. रिक्षातून जाताना तो राग मी जपून नेला, आणि दवाखान्याच्या दारात तो कुठे गेला मला आठवत नाही.

बालरोगतज्ज्ञ मॅडमनी श्रावणीची लघवी काचेच्या नळीत घेऊन तिथेच दिव्यावर धरली होती. खाली नेहमीसारखी पिवळसर, आणि वरचा भाग पांढराफट्ट, अंड्याच्या बलकाभोवतीचं पांढरं शिजावं तसा. मी आयुष्यभर नळ्या तापवत आलोय. एक शब्द न ऐकता मला समजलं की माझ्या मुलीच्या अंगातली प्रथिनं वाहून चालली आहेत.

"नेफ्रोटिक सिंड्रोम," मॅडम म्हणाल्या. "मूत्रपिंडाची चाळणी गळतेय असं समजा. लहान मुलांमध्ये दिसतो हा आजार. बहुतेक मुलं औषधाला छान साथ देतात. पण औषध स्टेरॉइडचं आहे, ते नेमानं घ्यावं लागतं, आणि आजार उलटू शकतो. पुन्हा पुन्हा उलटू शकतो."

मी त्यांना इंग्रजीतून चार प्रश्न विचारले. त्याही इंग्रजीत बोलू लागल्या. रूपाली शेजारच्या खुर्चीत श्रावणीचा हात धरून आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बरी होईल," मी म्हटलं. दहा मिनिटांचं बोलणं मी दोन शब्दांत संपवलं.

नऊ दिवस

पहिल्या खेपेला नऊ दिवस रत्नागिरीतच दवाखान्यात राहावं लागलं. त्या दिवसांचा सगळा हिशेब पाण्याचा होता. किती प्यायली, किती बाहेर गेलं. प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात मोजायची आणि कागदावर लिहायची. सकाळी सातला वजन. वजन उतरलं की सूज उतरली, म्हणून एरवी पोरीचं वजन वाढावं म्हणून धडपडणारे आम्ही काटा खाली यावा म्हणून श्वास रोखून उभे राहायचो.

पाणी मोजून मिळत असल्यामुळे श्रावणी ते चमच्याने प्यायची. एक चमचा, मग खिडकीबाहेरच्या माडावरचे नारळ मोजायचे, मग दुसरा. हा खेळ तिला तिथल्या आयाबाईंनी शिकवला. त्या बाई रोज दुपारी फरशी पुसून झाली की कोपरापर्यंत हात स्वच्छ धुऊन यायच्या आणि तिच्या दोन वेण्या घालायच्या. केस ओढले जाऊ नयेत म्हणून बोटांनीच गुंता सोडवायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वेण्या घातल्या की श्रावणीला आपण उद्या घरी जाणार असं वाटायचं, आणि तेवढ्या वेळात रूपालीला आंघोळ करून घेता यायची.

मी कामावरून थेट यायचो. हातात फाइल असायची, तिच्यात रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. नर्सेस मला "सर" म्हणायच्या. रूपालीला "श्रावणीची आई".

निघायच्या दिवशी मॅडमनी सूचनांचा कागद दिला. सहा आठवडे रोज गोळ्या, मग सहा आठवडे एक दिवसाआड. रोज सकाळची पहिली लघवी पट्टीने तपासायची. पट्टी पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर प्रथिनं जातायत. तीन दिवस सलग हिरवी आली तर लगेच फोन. सूज असेपर्यंत मीठ जवळपास बंद, नंतरही बेतानेच.

मी घरी येऊन संगणकावर सुंदर तक्ता केला, इंग्रजीत. प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजवर लावला. रूपालीने तो दोनदा वाचायचा प्रयत्न केला, मग श्रावणीची अर्धी कोरी राहिलेली दुसरीतली वही काढली आणि आपल्या अक्षरात लिहायला लागली. तारीख. वजन. पट्टीचा रंग. गोळ्या किती. काय खाल्लं. कुणी काय सांगितलं. माझ्या तक्त्यात रंगांसाठी चिन्हं होती. तिच्या वहीत 'कोवळ्या पानासारखा', 'फिका पिवळा, लिंबाच्या सालीचा' असं असायचं. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

मीठ

आमच्याकडे बिनमिठाचं घर चालवणं काय असतं, ते इथल्याच माणसाला कळेल. पावसाळ्याची बेगमी म्हणून कपाटात जे जे भरलेलं होतं ते सगळं मिठावर टिकलेलं. सुके बोंबील, सोडे, खारातल्या कैऱ्या, पापड, मिरगुंडं. आमसुलांनासुद्धा मीठ. रूपालीने दुपारभर बसून सगळे डबे, बरण्या बांधल्या आणि शेजारच्या वहिनींकडे ठेवायला दिल्या.

"आपल्याला कशाला?" मी विचारलं. "तिच्यापुरतं वेगळं कर."

"ती आठ वर्षांची आहे. आपल्या ताटात पापड आणि तिच्या ताटात नाही, असं किती दिवस चालेल?"

मग तिघांनाही तेच. पेज, वरण, लिंबू पिळलेली भाजी, ओलं खोबरं भरपूर. पहिले चार दिवस घास फिरत होता. श्रावणी आईच्या तोंडाकडे बघत जेवायची. आई जेवतेय म्हटल्यावर तिचंही जेवण व्हायचं. मी माझ्या डब्यासाठी कारखान्यातल्या टेबलाच्या खणात मिठाची पुडी ठेवली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यात काही फार मोठा गुन्हा नव्हता, मला कुठे आजार होता? पण लपवण्याची सुरुवात तिथून झाली असं आज वाटतं.

दुसऱ्या आठवड्यातच पट्टी पिवळी आली. रूपालीने ती खिडकीशी धरली, मला दाखवली, श्रावणीला दाखवली. आम्ही त्या दिवशी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो आणि श्रावणीला घोड्यावर बसवलं.

अर्धी गोळी

स्टेरॉइडने आजार आवरला, पण पोरगी बदलली. चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला. ओठांवर, कपाळाच्या कडेला लव आली. सतत भूक. आणि राग, तोही आमच्या शांत पोरीला! एकदा तिने फूटपट्टीने कंपासपेटी ठोकून ठोकून वाकवली. वर्गात एकाने तिला "भोपळी" म्हटलं आणि मग सगळा वर्ग म्हणायला लागला. दिवाळीच्या आधी ती शाळेच्या फाटकाशी माझा शर्ट धरून उभी राहिली. आत जाईना. "बाबा, मला पहिल्यासारखी करा."

त्या दिवशी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत मी वाचायला बसलो. वाचायची सवय होतीच. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, उंची खुंटते, डोळ्यात मोतीबिंदू होतो. हे सगळं मी वाचत गेलो. कुठेतरी कमी दिवसांच्या उपचाराबद्दलही वाचलं. जे मला हवं होतं तेच मला दिसत गेलं. आठवडाभरात माझं ठरलं. पट्टी तर तीन आठवडे पिवळी आहे, मग एवढी औषधं पोरीच्या अंगात कशाला?

मॅडमना फोन करून विचारायला हवं होतं. मी केला नाही, कारण त्या नाही म्हणतील हे मला माहीत होतं.

घरी येऊन रूपालीला म्हटलं, "मॅडमशी बोललो फोनवर. गोळ्या उद्यापासून निम्म्या करायच्या."

ती कापड बेतत होती. कात्री थांबली. "निम्म्या? सहा आठवडे पुरे व्हायच्या आधी?"

"हो."

"नीट विचारलंत ना?"

"अगं, बोललो ना मी."

ती उठली, वही काढली, लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः ब्लेडने गोळीचे दोन तुकडे करायला लागलो. दहा दिवसांनी तेही एक दिवसाआड केलं. कारखान्यात कुणी तापमानाची नोंद न बघता भरली तर मी त्याला दारात उभं करत नसे.

महिन्याच्या तपासणीच्या दिवशी मॅडम बाहेरगावी होत्या, तारीख पुढे गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. श्रावणीच्या चेहऱ्याचा फुगवटा थोडा उतरला. एकदा जेवताना ती काहीतरी सांगून खळखळून हसली. मी रूपालीकडे बघून म्हटलं, "बघ." तेव्हा वाटलेला अभिमान मला अजून आठवतो. तोच सगळ्यात जास्त टोचतो.

हिरवं

तीन आठवड्यांनी एका सकाळी श्रावणी मोरीतून ओरडली, "आई, हिरवं!"

दुसऱ्या दिवशी गडद हिरवं. तिसऱ्या दिवशी डोळे सुजले, पोट फुगलं, ताप चढला. पोटाला हात लावू देईना. मॅडमनी तपासलं आणि सरळ म्हणाल्या, "कोल्हापूरला न्या. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाल्याची शंका आहे. थांबू नका." त्यांनी तिथल्या लहान मुलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना फोन केला, चिठ्ठी लिहून दिली. त्या घाईत मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता असं मी स्वतःला समजावलं.

आंबा घाटात वळणावळणावर श्रावणी कण्हत होती. रूपाली तिचं डोकं मांडीवर घेऊन एकच वाक्य म्हणत होती, "आलं गो बाय, आलं आता." मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती.

कोल्हापूरचे डॉक्टर वयाने माझ्याएवढेच असतील. श्रावणीला सलाइन, इंजेक्शनं सुरू करून ते आमच्याकडे आले. "औषधांचं वेळापत्रक कसं चाललं होतं?"

"चिठ्ठीत आहे तसंच," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. मुलगी पलीकडच्या खाटेवर तापाने फणफणत असताना.

"नाही हो," रूपाली म्हणाली, "मध्ये बदललं ना." तिने पिशवीतून वही काढली आणि पान उघडून डॉक्टरांसमोर धरलं. डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं, "आजपासून गोळी अर्धी. मॅडमना ह्यांनी फोनवर विचारलं." मग पुढचं पान. "आजपासून एक दिवसाआड. मॅडमना ह्यांनी विचारलं." त्यांनी मॅडमची चिठ्ठी पुन्हा पाहिली. "त्यांच्या पत्रात तर असं काही नाही. मी विचारू का त्यांना?" त्यांचा हात फोनकडे गेला.

"नका विचारू," मी म्हटलं. "मी फोन केलाच नव्हता. मी ठरवलं."

रूपालीने माझ्याकडे बघितलं नाही. ती वहीकडे बघत होती. आपण लिहिलेल्या ओळीकडे, जणू ती ओळ तिची चूक होती.

डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "गोळ्या पूर्ण घेतल्या असत्या तरी आजार उलटला नसता, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मला खोटी माहिती मिळाली असती तर मी हे औषध तिला लागू पडत नाही असं समजून चाललो असतो. मग याहून कडक औषधं दिली असती. ताईंनी वही आणली हे मुलीचं नशीब."

बाक

दोन दिवस रूपाली माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा आणा. नर्सला बोलवा. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रावणीचा ताप उतरला, तिने भात मागितला. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो.

"मला एक सांगा," रूपाली म्हणाली, "तुम्हाला वाटलं होतं ना, की हिला काय कळतंय?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला वाटलं होतं विचारावं. त्याच दिवशी. मॅडमना फोन करून एकदा खात्री करावी. पण म्हटलं, तुम्ही एवढे शिकलेले, मी कोण विचारणार? मग मॅडम हसतील, की नवऱ्यावर विश्वास नाही का. म्हणून नाही केला." तिने पिशवीतली वही मांडीवर घेतली. "इंग्रजी मला येत नाही. फोन लावता येतो मला."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलं ते पोरीच्या काळजीनं चुकलं, मला कळतं. तिला भोपळी म्हणायचे तेव्हा मला काय बरं वाटत होतं? पण मला खोटं का सांगितलंत? खरं सांगितलं असतंत तर मी भांडले असते. भांडण झालं असतं, एवढंच ना."

एवढंच होतं. मला भांडण नको होतं. शिकलेल्या माणसाने नववी शिकलेल्या बायकोशी भांडून हरणं नको होतं.

त्याच बाकावर तिने मला चिठ्ठीतला प्रत्येक शब्द वाचून दाखवायला लावला. कुठली गोळी कशासाठी, कुठलं इंजेक्शन किती दिवस. समजलं नाही तिथे ती थांबवायची, पुन्हा विचारायची. एका ठिकाणी मलाच नीट सांगता येईना. "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," ती म्हणाली आणि उठून सरळ डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली.

कोल्हापूरला आम्ही अकरा दिवस होतो.

नंतर

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. डॉक्टरांशी बोलणं रूपाली करते. खोलीत मी मुद्दाम तिच्या मागे बसतो, कारण मी पुढे बसलो की डॉक्टर माझ्याकडे बघून बोलतात. फ्रिजवरचा तक्ता मी काढला. गोळ्या या वेळी एकदाही चुकल्या नाहीत. चेहरा पुन्हा वाटोळा झाला तेव्हा मी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांना भेटलो, त्यांनी मुलांना समजेल असं सांगितलं. हे मी पहिल्याच वेळी करू शकलो असतो. औषध कमी करण्यापेक्षा ते सोपं होतं.

कारखान्यात मी बायकांना स्वच्छतेचं प्रशिक्षण देतो. पूर्वी शेवटी म्हणायचो, "हे घरी मुलांनाही शिकवा." कोल्हापूरहून आल्यावर एकदा असं म्हणून झालं आणि मला पुढे बोलवेना. मी विचारलं, "घरी काय अडचण येते?" मग कोळंबी सोलणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "साहेब, आमच्या वाडीत नळाला पाणी दिवसाआड येतं. हात धुवायचे की भांडी, असा प्रश्न असतो. आणि पोरं उठायच्या आत मी पहिली गाडी पकडते. शिकवू कधी?" इतक्या वर्षांत मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. आई-बाप शिकलेले असले की मुलांना चांगल्या सवयी लागतात, हे मीही मानत आलो होतो. त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. मला रिपोर्ट वाचता आला, रजा मिळाली, दवाखान्यात कुणी ताटकळत ठेवलं नाही. हा शिक्षणाचाच फायदा. पण श्रावणीच्या अंगात जी सवय मुरली ती माझ्या पत्रकातून आलेली नाही. रोज सकाळी तिची आई पट्टी खिडकीशी धरायची, आवडो न आवडो दिसेल तोच रंग लिहायची. ते तिने बघितलं.

आणि माझंही बघितलं. ते मला उशिरा कळलं.

तिचा प्रश्न

गेल्या वर्षी औषधं पूर्ण बंद झाली. त्यानंतर सहा महिन्यांनी आम्ही कोल्हापूरला तपासणीसाठी गेलो. श्रावणी आता पाचवीत आहे, उंच झाली आहे, वेणी स्वतः घालते. डॉक्टरांनी सगळं तपासलं, "मस्त" म्हणाले, आणि नेहमीसारखं विचारलं, "काही विचारायचंय?"

रूपालीने तोंड उघडायच्या आत श्रावणी म्हणाली, "परत आजार आला तर चूक कुणाची असते?"

डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "कुणाचीच नाही. साधी सर्दी झाली तरी येऊ शकतो. सगळं नीट करूनही येऊ शकतो. तू असं का विचारतेस?"

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मागच्या वर्षी सर्दी झालेली तेव्हा पट्टी हिरवी आलेली. दोन दिवस. मी आईला पिवळी सांगितली. आणि पट्टी टाकून दिली. मग तिसऱ्या दिवशी खरंच पिवळी आली."

पट्टीचं काम वर्षभरापूर्वी आम्ही तिच्यावर सोपवलं होतं. कौतुकाने.

"का गो?" रूपालीने अगदी हळू विचारलं.

"तुम्ही दोघं बोलायचे बंद झाला असता. मागच्या वेळेसारखे." मग माझ्याकडे न बघता, "बाबांनी पण नव्हतं सांगितलं ना."

डॉक्टरांनी तिला न रागावता समजावलं, की तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी आली असती तर काय झालं असतं, आणि वाईट बातमी लवकर कळली तर तिच्यावर औषध करता येतं. ती मान डोलावत होती. मला त्यांचे शब्द लांबून ऐकू येत होते.

परतीच्या वाटेवर मलकापूरला आम्ही चहाला थांबलो. रूपाली आत भजी सांगायला गेली. मी आणि श्रावणी बाहेर बाकड्यावर. मला तिला बरंच काही सांगायचं होतं, पण शेवटी सुचलं ते एवढंच.

"तेव्हा मी आईशी खोटं बोललो, कारण मला भीती वाटत होती."

तिने वर बघितलं. "तुम्हाला? कसली?"

"तू पहिल्यासारखी होशील की नाही, याची. आणि मला ते माहीत नाही हे कुणाला कळेल, याची."

"अजून वाटते?"

"वाटते. तू मोरीत गेलीस आणि यायला वेळ लागला की वाटते."

समोर ट्रक धुरळा उडवत गेला, तिने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मला वाटायचं, घरात घाबरणारी मी एकटीच आहे."